पेंटबॉल: सहलीच्या खेळापासून स्पर्धेच्या मैदानापर्यंत

पेंटबॉल हा दोन संघांत खेळला जाणारा मैदानी खेळ आहे. प्रत्येक खेळाडूच्या हातात दाबाखालच्या हवेवर किंवा वायूवर चालणारे एक उपकरण असते. त्याला मार्कर म्हणतात. मार्करमधून रंग भरलेली छोटी गोळी सुटते. ती अंगावर, कपड्यांवर किंवा साहित्यावर फुटली की तो खेळाडू बाद होतो आणि मैदान सोडतो. गोळी लागली पण फुटली नाही, तर खेळाडू बाद धरला जात नाही. या एका नियमावर सारा खेळ उभा आहे.

पुणे जिल्ह्यात या खेळाशी पहिली गाठ बहुधा लोणावळ्याच्या किंवा मावळातल्या एखाद्या रिसॉर्टवर पडते. निमित्त ऑफिसच्या सहलीचे असते किंवा कॉलेजच्या मित्रांच्या गटाचे. मोजक्या गोळ्या मिळतात, अर्धा तास आडोशांमागे पळापळ होते, एखाददुसरा वळ उठतो आणि मंडळी जेवायला जातात. बहुतेकांसाठी खेळ तिथे संपतो. काहींना मात्र वाटते की हाच खेळ नीट शिकावा, संघ बांधावा, स्पर्धेत उतरावा. ही वाट कोणत्या क्रमाने चालायची, ते या प्रकरणात पाहायचे आहे.

खेळाचा उगम

पेंटबॉलचे साहित्य मुळात खेळासाठी बनलेले नव्हते. जंगलात तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबूनच खूण करता यावी, यासाठी अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनीने रंगाच्या गोळ्या बाजारात आणल्या. त्या उडवण्यासाठी डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीकडून 'नेल-स्पॉट ००७' हे पिस्तूल तयार करून घेण्यात आले. उपकरणाला 'मार्कर', म्हणजे खूण करणारे, हे नाव या कामावरून पडले.

२७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावाजवळच्या जंगलात पहिला सामना झाला. हेज नोएल, चार्ल्स गेन्स आणि बॉब गर्न्सी या तिघांनी तो आखला होता. एकूण १२ जण खेळले. प्रत्येक जण स्वतःसाठी खेळत होता आणि जंगलात ठिकठिकाणी लावलेले झेंडे गोळा करून बाहेर पडायचे होते. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनकर्मी. त्याने संपूर्ण सामन्यात एकही गोळी उडवली नाही. कोण कुठे आहे हे ओळखत, कोणाच्या नजरेस न पडता त्याने झेंडे गोळा केले. नवख्या खेळाडूने हा निकाल लक्षात ठेवावा. पेंटबॉलमध्ये चाप ओढण्यापेक्षा हालचाल आणि नजर यांना नेहमीच जास्त मोल आहे.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत पैसे भरून खेळण्याची मैदाने सुरू झाली. सुरुवातीच्या गोळ्यांतला रंग तेलाचा होता आणि तो काढायला टर्पेंटाइन लागे. नंतर पाण्यात धुतला जाणारा रंग आला आणि खेळ जंगलातून कुटुंबांपर्यंत पोहोचला. त्यापुढे मोकळ्या, सपाट मैदानावर हवा भरलेले आडोसे मांडून खेळायचा प्रकार रुजला. त्याला स्पीडबॉल म्हणतात. आज मोठ्या स्पर्धा मुख्यतः याच प्रकारात होतात. झाडीत खेळल्या जाणाऱ्या प्रकाराला वुड्सबॉल असे नाव आहे.

गोळी, मार्कर आणि हवा

स्पर्धेतल्या गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटर असतो आणि वजन सुमारे ३ ग्रॅम. वरचे कवच जिलेटिनचे असते. औषधाच्या मऊ कॅप्सूल ज्या पद्धतीने बनतात, त्याच पद्धतीने या गोळ्याही बनतात. आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि पाण्यात विरघळणारा रंग असतो. काही मैदानांवर ०.५० इंच व्यासाच्या हलक्या गोळ्याही वापरतात. त्यांचा मार सौम्य असल्याने मुलांसाठी त्या योग्य ठरतात.

जिलेटिनला दोन गोष्टी बाधतात, उष्णता आणि दमटपणा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेल्या गोळ्या मऊ होतात, आकार सोडतात आणि नळीतच फुटतात. दमट हवेत त्या फुगतात. म्हणून गोळ्या बंद पिशवीत, सावलीत आणि कोरड्या जागी ठेवतात. जमिनीवर पडलेली गोळी उचलून पुन्हा भरू नये. तिला चिकटलेली माती आणि ओल मार्कर बिघडवते.

मार्करचे मुख्य भाग चार आहेत: मूळ यंत्र, पुढची नळी म्हणजे बॅरल, वर बसवलेला गोळ्यांचा डबा म्हणजे हॉपर, आणि वायूची टाकी. हॉपरमध्ये साधारण २०० गोळ्या मावतात. सामन्यात पुन्हा भरण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात पॉड नावाच्या नळकांड्या अडकवतात. एका पॉडमध्ये सुमारे १४० गोळ्या बसतात.

टाकीत कार्बन डायऑक्साइड असतो किंवा उच्च दाबाची साधी हवा. हा फरक मावळातल्या खेळाडूने विशेष समजून घ्यावा. टाकीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर अवलंबून असतो. १० अंश सेल्सियसला तो सुमारे ६५० पीएसआय असतो, २० अंशांना सुमारे ८३० आणि ३० अंशांना हजाराच्या पुढे जातो. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी थंडीत नीट लावलेला मार्कर दुपारी ऊन चढल्यावर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गोळी फेकू शकतो. उच्च दाबाच्या हवेच्या टाकीत ३००० किंवा ४५०० पीएसआय दाबाने हवा भरतात आणि टाकीवरचा रेग्युलेटर मार्करला नेहमी सारख्याच दाबाने हवा पुरवतो. स्पर्धेत हीच पद्धत चालते. कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्या मैदानावर दिवसातून दोन-तीन वेळा तरी वेग मोजला जातो की नाही, हे खेळाडूने पाहावे.

वेग मोजणाऱ्या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात. जगभर रूढ झालेली वरची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर आहे. लहान मैदानांवर ती आणखी कमी ठेवतात. गोळी हलकी आणि फुगीर असल्याने हवा तिला लवकर रोखते. नळीतून सेकंदाला ९१ मीटर वेगाने निघालेली गोळी ३० मीटरवर पोहोचेपर्यंत तिचा वेग जवळजवळ निम्मा होतो आणि तेवढ्या अंतराला तिला साधारण अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात धावणारा खेळाडू दोन-तीन मीटर पुढे गेलेला असतो. धावत्या माणसावर थेट नेम धरला तर गोळी त्याच्या मागून जाते, ती यामुळेच. नेम धरायचा तो माणूस जिथे पोहोचणार आहे त्या जागेवर.

मास्क: पहिला नियम

या खेळात त्वचेवर उठलेला वळ आठवड्याभरात जातो, पण डोळ्याला लागलेली गोळी दृष्टी घेऊ शकते. म्हणून पेंटबॉलसाठीच बनवलेला, डोळे, कान आणि तोंड झाकणारा मास्क हा या खेळातला पहिला नियम आहे. मोटरसायकलचा गॉगल, कारखान्यातला सुरक्षा-चष्मा किंवा पोहण्याचा चष्मा त्याजागी चालत नाही. पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम एफ१७७६ हे वेगळे मानक आहे आणि मास्कवर त्याचा उल्लेख असावा.

मास्क मैदानात कधीही काढायचा नाही. काचेवर वाफ धरली, रंग उडाला, घाम आला, तरी नाही. दिसेनासे झाले तर हात वर करून पंचांना हाक मारायची आणि त्यांच्यासोबत मैदानाबाहेर येऊन मगच मास्क उतरवायचा. खेळ संपल्याची शिट्टी झाली तरी सर्व मार्करच्या नळ्यांवर आवरण चढेपर्यंत मास्क तोंडावरच राहतो. नळीच्या तोंडावर चढवायच्या या कापडी आवरणाला बॅरल सॉक म्हणतात. मैदानाबाहेर आवरणाशिवाय मार्कर हातात दिसला, तर चांगले मैदान खेळाडूला त्या दिवसापुरते बाहेर काढते.

भाड्याने मिळालेला मास्क घेताना काच उजेडात धरून पाहावी. तडा, खोल ओरखडा किंवा सैल पट्टा दिसला तर दुसरा मागावा. संकोच करू नये. स्वतःची पहिली खरेदीही मास्कचीच असावी. दुहेरी काचेच्या मास्कवर वाफ कमी धरते, आणि मावळच्या दमट हवेत ही सोय मोलाची ठरते.

मावळातले मैदान आणि ऋतू

मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून पोहोचायला सोपे आणि जागाही मोकळी, यामुळे साहसी खेळांची केंद्रे मावळात वाढली. कामशेतला पॅराग्लायडिंग चालते, पवना धरणाच्या काठी तंबूंची शिबिरे भरतात आणि लोणावळ्याजवळ कुणेगावच्या डेला ॲडव्हेंचर पार्कमध्ये इतर खेळांबरोबर पेंटबॉलही आहे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल तळेगाव, कामशेत, मळवली अशी थांबत जाते. त्यामुळे गाडी नसलेला विद्यार्थीही एका दिवसात सराव करून परत येऊ शकतो.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, घाटाच्या अगदी काठाशी आहे. येथे वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात गोळ्या फुगतात, मास्कवर वाफ धरते, लाल चिखलात पाय घसरतात आणि मुरगळतात. जोराच्या पावसात अंगावरचा रंग धुऊन जात असल्याने बाद कोण झाला हे ठरवणेही कठीण होते. सरावाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याचे चार महिने शरीर कमावायला, नियम वाचायला आणि गोळ्यांविना करायच्या सरावाला वापरावेत.

झाडीतल्या मैदानावर करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्या असतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे आणि गळ्याभोवती कापड, एवढे अंगावर हवेच. पाऊस सरल्यावर वाढलेल्या गवतात साप असू शकतात, म्हणून लोळत पुढे सरकण्याआधी ती जागा आयोजकांनी साफ केलेली आहे ना, हे विचारून घ्यावे.

आणखी एक काळजी गावासाठी घ्यावी. सराव संपला की न फुटलेल्या गोळ्या वेचून घ्याव्यात. माणसाला निरुपद्रवी असलेले त्यातले द्रव्य कुत्र्याच्या पोटात बऱ्याच प्रमाणात गेले तर शरीरातील पाणी आणि क्षार यांचे गणित बिघडते आणि जिवावर बेतू शकते. मावळातल्या मैदानांच्या आसपास वस्त्या आहेत, राखणीची कुत्री आहेत, चरायला सोडलेली जनावरे आहेत. त्यांच्या वाटेत या गोळ्या पडू देऊ नयेत.

मैदान निवडताना चार गोष्टी विचाराव्यात. क्रोनोग्राफ आहे का? प्रत्येक सामन्याला पंच असतो का? मास्कच्या काचा कधी बदलल्या? प्रथमोपचार येणारी व्यक्ती जागेवर असते का? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्यात आयोजकांच्या नोंदणीची व सुरक्षेची व्यवस्था घालून दिली. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

स्पर्धेचा सामना कसा असतो

स्पर्धेतला स्पीडबॉल साधारणपणे पाच विरुद्ध पाच असा खेळतात. तीन-तीन खेळाडूंचे प्रकारही आहेत आणि नव्या संघांना ते सोयीचे पडतात. मैदान सुमारे १५० फूट लांब आणि १२० फूट रुंद असते. त्यावर हवा भरलेले आडोसे, म्हणजे बंकर, मांडलेले असतात. मांडणी आरशातल्या प्रतिमेसारखी असते, म्हणजे दोन्ही संघांना अगदी सारखे मैदान मिळते. बंकरांना आकारावरून नावे पडली आहेत. जमिनीलगत लांबवर पसरलेला तो स्नेक, उभा त्रिकोणी तो डोरिटो, डब्यासारखा गोल तो कॅन. जगातले बहुतेक खेळाडू मैदानाच्या दोन बाजूही स्नेकची बाजू आणि डोरिटोची बाजू अशाच ओळखतात.

दोन्ही संघ आपापल्या टोकाला उभे राहतात. भोंगा वाजला की सगळे एकाच वेळी सुटतात. उद्देश असतो झेंडा मिळवणे किंवा समोरच्या टोकाला पोहोचून तिथले बटण दाबणे. तसे झाले की एक गुण. मग पुन्हा दोन्ही संघ आपापल्या टोकाला जातात आणि पुढच्या गुणासाठी खेळ सुरू होतो. ठरलेल्या वेळात ज्याचे गुण जास्त होतील किंवा ठरलेल्या गुणांपर्यंत जो आधी पोहोचेल, तो संघ जिंकतो. एखादा गुण अर्ध्या मिनिटातही संपतो.

बाद होण्याचे नियम काटेकोर असतात. गोळी फुटून नाण्याएवढा डाग पडला की खेळाडू बाद. मार्कर, हॉपर आणि पॉडवर पडलेला डागही धरला जातो. बाद झालेल्याने लगेच हात वर करून बाहेर पडायचे असते. पाठीवर काही लागले पण दिसत नाही, अशा वेळी पंचाकडून तपासून घेतात. बाद असूनही खेळत राहणाऱ्यासोबत त्याच्या सहकाऱ्यालाही बाहेर जावे लागते. अंगावरचा रंग गुपचूप पुसणे हा या खेळातला सर्वांत मोठा अपराध मानला जातो आणि त्याची शिक्षा त्याहून कडक असते. कबड्डीत निसटता स्पर्श झाल्यावर स्वतःहून बाहेर जाणाऱ्या खेळाडूला जसा मान मिळतो, तसाच मान येथे पंचाची वाट न पाहता हात वर करणाऱ्याला मिळतो. नव्या संघाचे नाव होते किंवा जाते, ते आधी यावरून.

अमेरिकेत एनएक्सएल आणि युरोपात मिलेनियम सिरीज या मोठ्या मालिकांनी स्पर्धेचे नियम घडवले. आशियात मलेशिया हे या खेळाचे प्रमुख केंद्र आहे आणि तेथील लांगकावी बेटावर 'वर्ल्ड कप एशिया' भरत आली आहे. खेळाडूंची प्रतवारी अनुभवानुसार केली जाते, त्यामुळे पहिल्यांदा उतरणाऱ्या संघाची गाठ सहसा आपल्यासारख्याच नवख्यांशी पडते. भारतात मात्र पेंटबॉल अजून मुख्यतः सहलीचा खेळ आहे. म्हणून मावळातल्या होतकरू संघाने आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिका मिळवावी, ती वाचावी आणि आपला सराव पहिल्या दिवसापासून त्या नियमांनीच करावा.

शिकण्याची कौशल्ये

पहिले कौशल्य आडोशामागे राहण्याचे. नवखा खेळाडू बंकरला चिकटून बसतो आणि वरून डोके काढतो. वरून काढलेले डोके सगळ्या मैदानाला दिसते. डोके बाजूने काढावे, तेही मार्करसोबत, शरीराचा शक्य तितका कमी भाग दाखवत. बंकरपासून हातभर मागे बसले की कोन जास्त मिळतो आणि नळी बाहेर डोकावत नाही.

दुसरे कौशल्य झटक्यात बाहेर येऊन गोळी मारण्याचे. बाहेर यायचे, एक-दोन गोळ्या सोडायच्या आणि लगेच आत जायचे. पुढच्या वेळी त्याच जागेतून डोकवायचे नाही, कारण समोरच्याचा नेम तिथेच लागलेला असतो. हा सराव दोघांनी वीस पावलांवर आडोसे ठेवून करता येतो. मार्कर उजव्या आणि डाव्या दोन्ही खांद्यांवर धरता आला पाहिजे. बंकरच्या डाव्या कडेने उजव्या हाताने नेम धरला तर अर्धे अंग बाहेर येते. डावा हात तयार करायला काही आठवडे लागतात. पण फरक लगेच दिसतो.

तिसरे कौशल्य वाट अडवण्याचे. भोंगा वाजताच समोरचे खेळाडू ठरावीक वाटांनी आपापल्या बंकरकडे धावतात. स्पर्धेत सेकंदाला साधारण दहा गोळ्यांच्या वेगाची मर्यादा असते. अशा एखाद्या वाटेवर त्या वेगाने छातीच्या उंचीवर सलग गोळ्या सोडत राहिले, की धावणारा स्वतःच त्या धारेत येतो. अर्ध्या सेकंदाचे मघाचे गणित इथे उपयोगी पडते. माणूस दिसण्याआधी धार सुरू झालेली असावी लागते.

चौथे कौशल्य बोलण्याचे. पेंटबॉलमध्ये शांत संघ हरतो. समोर कोण कुठे आहे, किती बाद झाले, आपला कोण गेला, कोण गोळ्या भरतो आहे, हे सतत मोठ्याने सांगायचे असते. मैदानाच्या पाच-सहा जागांना छोटी नावे द्यावीत आणि ती सगळ्यांची पाठ असावीत. "स्नेक एक, कोपरा एक, दोन गेले" एवढ्या शब्दांत पूर्ण चित्र उभे राहते. मराठी संघाने आपल्या बोलीतले आखूड शब्द ठरवले तर घाईतही जीभ अडखळत नाही.

पाचवे कौशल्य दोन बाजूंनी मारा साधण्याचे. एक बंकर एका बाजूच्या गोळ्या अडवतो, दोन बाजूंच्या नाही. त्यामुळे एकाने समोरून दाबून ठेवायचे आणि दुसऱ्याने कडेने पुढे जाऊन कोन मिळवायचा, ही या खेळातली मूळ चाल आहे. हा धडा मावळच्या भूगोलातही लिहिलेला आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाचे सैन्य कुरवंडे घाट उतरून उंबरखिंडीत शिरू दिले आणि मग पुढची व मागची अशा दोन्ही वाटा रोखल्या. आडोसा आणि माघार दोन्ही हिरावल्यावर संख्येने मोठ्या असलेल्या त्या फौजेलाही शरण यावे लागले. कुरवंडे गाव लोणावळ्याला लागूनच आहे. त्या लढाईची आणि खेळाची बरोबरी होऊ शकत नाही. पण जागा कशी वाचायची, हे ती खिंड आजही दाखवते.

कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्यांना हा खेळ लवकर जमतो. खाली झुकून वेगाने दिशा बदलणे, झेप घेणे आणि सहकाऱ्याची हालचाल डोळ्यांच्या कडेने टिपणे, याची सवय त्यांच्या अंगात असते. इतरांनी छोट्या अंतराच्या धावा, बैठका आणि कोपरांवर सरपटणे, हा व्यायाम आठवड्यातून तीनदा करावा.

संघ आणि खर्च

पाच जणांच्या संघासाठी सात जण गोळा करावेत, कारण नोकरी, परीक्षा आणि दुखापती यांमुळे सगळे कधीच एका दिवशी मोकळे नसतात. स्वभाव आणि चपळाई पाहून जागा ठरवाव्यात. दोन पुढचे खेळाडू वेगाने कडेच्या बंकरांत शिरतात. दोन मागचे खेळाडू त्यांना संरक्षण देतात, मैदान पाहतात आणि बोलतात. मधला खेळाडू गरज पडेल तिकडे सरकतो आणि बाद झालेल्याची जागा भरतो. कर्णधार मागच्यांपैकी असावा, कारण त्याला सगळे मैदान दिसते.

खर्चात सर्वांत मोठा आकडा मार्करचा नसतो, गोळ्यांचा असतो. गोळ्यांचे खोके २००० नगांचे येते. सेकंदाला दहा या वेगाने २०० गोळ्यांचा हॉपर वीस सेकंदांत रिकामा होतो. पाच जणांनी प्रत्येकी दोन हॉपर भरले की एक खोके संपले. म्हणून शहाणे संघ निम्मा सराव गोळ्यांविना करतात. मैदानावर चालून वाटा ठरवणे, भोंग्यावर धावणे, नावे पुकारणे, हात बदलणे, पॉडमधून हॉपर भरण्याची क्रिया, यांपैकी कशालाच रंग लागत नाही. गावातल्या शाळेच्या पटांगणावर परवानगी घेऊन टायर, पिंपे आणि बांबूंचे आडोसे उभारले तरी हा सराव होतो. मार्करऐवजी तेवढ्याच लांबीची काठी पुरते. खऱ्या मार्करने सराव मात्र जाळ्या लावलेल्या मैदानातच करावा. रस्त्यालगत, डोंगरावर किंवा किल्ल्यावर कधीही नाही.

सुरुवातीचे काही महिने मार्कर भाड्याने घेणेच योग्य. खरेदीचा क्रम मास्क, मग गुडघ्यांचे आणि कोपरांचे संरक्षक, मग पॉडचा पट्टा आणि शेवटी मार्कर, असा ठेवावा. मार्कर घेण्यापूर्वी, विशेषतः परदेशातून मागवण्यापूर्वी, शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखालील सध्याची स्थिती परवाना शाखेकडून लेखी विचारून घ्यावी. उच्च दाबाच्या टाक्या गॅस सिलिंडर नियम २०१६ च्या कक्षेत येतात आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली 'पेसो' ही केंद्रीय संस्था करते. टाकीवर दाब-चाचणीची तारीख कोरलेली असते. चाचणीची मुदत उलटून गेलेली टाकी भरू नये आणि भरूनही देऊ नये.

पहिली स्पर्धा

पहिल्या स्पर्धेआधी संघाने सलग आठ-दहा रविवार एकत्र घालवलेले असावेत. सहलीची गर्दी टाळायची तर शनिवार-रविवारी मैदानाची सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी किंवा कामाच्या दिवशी अर्धा दिवस काढावा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदानाची मांडणी पाहायला मिळाली तर पाचही जणांनी प्रत्येक बंकरमागे बसून तिथून काय दिसते ते पाहावे. समोरच्या बाजूने चालून जावे आणि आपले बंकर विरोधकांना कसे दिसतात, तेही तपासावे. सुरुवातीच्या धावेच्या दोनच योजना ठरवाव्यात. नवख्या संघाने पाच योजना ठरवल्या, तर भोंगा वाजल्यावर त्यांतली एकही कोणाला आठवत नाही.

पहिल्या स्पर्धेत बहुतेक संघ लवकर बाहेर पडतात. त्याचा खेद न करता प्रत्येक गुणानंतर एका वहीत तीन ओळी लिहाव्यात: आपला पहिला खेळाडू कुठे बाद झाला, गोळी कोणत्या बाजूने आली, आणि त्या वेळी त्याला कोणी सावध का केले नाही. दिवसाअखेरीस वहीत एकच चूक चार-पाच वेळा लिहिलेली सापडते. पुढच्या रविवारचा सराव त्या एका चुकीवर करावा. अशी वही ठेवणारा संघ दुसऱ्या स्पर्धेत अधिक तयारीने उतरतो.